पागनीसकाकांचा पांढरा

पागनीसकाका जाऊन आता दीड वर्ष होईल. कोणी विषय काढला की मी 'फार चांगला माणूस' असं म्हणून मोकळी होते, पण खरं सांगायचं तर त्यांची आठवण आली की मला आधी चीड येते. वाईट वाटणं वगैरे नंतर. शेवटच्या वर्षात त्या माणसानं माझं असं काही डोकं खाल्लं की अजून मी सावरलेली नाही. तुम्ही त्यांना ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. देवासमध्ये सांगायला गेले तर लोक मलाच वेड्यात काढतील.

माझं देवासला अल्बम डिझाइनचं दुकान आहे. लग्न, मुंज, साठी, बारसं, काय असेल ते. फोटोग्राफर फोटो आणून देतात, मी ते कॉम्प्युटरवर नीट करते, पानं लावते आणि छापायला इंदूरच्या लॅबला पाठवते. या धंद्यात सगळा भरवसा मॉनिटरवर. मॉनिटरवर जो रंग दिसला तोच कागदावर उतरायला हवा, आणि तो आपोआप उतरत नाही. प्रत्येक कंपनीचा मॉनिटर वेगळा, एकाच कंपनीचे दोन शेजारी ठेवले तरी वेगळे. त्यांना वळण लावावं लागतं. ते वळण लावायला देवास आणि धार या दोन जिल्ह्यांतले आम्ही सगळे दुकानदार एकाच माणसाला बोलवत होतो, पागनीसकाकांना. काका एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स मेंटेनन्सला होते. नोकरीत असताना रविवारी हे काम करत, रिटायर झाल्यावर आठवडाभर करू लागले. इकडे हाटपिपल्या, तिकडे अमझेरा, खांद्याला पिशवी लावून मध्य प्रदेशच्या या एसटी नसलेल्या मुलखात खाजगी बसनं हिंडत.

दुकानात शिरले की नमस्कार नाही, चमत्कार नाही. आधी ट्यूबलाइट बंद. मग दाराचा पडदा ओढून घ्यायचा. मग पिशवीतून काकूंच्या जुन्या सुती पातळाचा फडका काढून स्क्रीन पुसायची आणि पुसताना पुटपुटायचं, की पोह्याचे हात लावता, लाज कशी नाही वाटत. आणि मग खुर्चीवर बसून पाच मिनिटं काहीच करायचं नाही. नुसतं बघायचं. आपण काही बोललो की हात वर करून म्हणायचे, "थांब. डोळा बसू दे." बाहेर गिऱ्हाईक ताटकळत उभं असे, आत अंधार, आणि हे ध्यानस्थ. मला त्या पाच मिनिटांत त्यांना उचलून बाहेर ठेवावंसं वाटायचं.

पण काम असं करायचे की बोलायची सोय नाही. त्यांचा एक नियम होता. रंगाची तक्रार घेऊन कोणी आलं की आधी छपाईचा कोरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरायचा, खिडकीच्या उजेडात. स्क्रीनवरही नुसता पांढरा चौकोन उघडायचा. मग लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वरखाली करत तो चौकोन कागदासारखा होईपर्यंत सोडायचं नाही. पांढरा जमला की बाकीचे रंग आपसूक रांगेत येतात, असं त्यांचं म्हणणं. "लक्षात ठेवून रंग लावणारा माणूस स्वतःला फसवतो," असं मला किती वेळा ऐकवलं असेल. माझ्याशी बोलायचे माझ्या आजीच्या काळातल्या मराठीत, गिऱ्हाइकाशी माळवीत, आणि मॉनिटरशी कारखान्यातल्या शिव्यांत.

त्यांची माझी ओळख झाली ती गणपतीमुळे. मी दुकान नुकतंच टाकलं होतं, तेव्हा ते पेटीएवढे जाड काचेचे मॉनिटर असत. माझ्या मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यात एके दिवशी जांभळा डाग पडला. नवरदेवाच्या मुंडावळ्या जांभळ्या, मामाचं कपाळ हिरवं. मी व्हायरस समजून तीनदा विंडोज नव्यानं टाकली. चार लोकांनी चार सल्ले दिले. शेवटी कोणीतरी काकांना आणलं. ते आले, बसले, पाच मिनिटं बघितलं, उठले, मॉनिटरच्या डोक्यावर मी हौसेनं चिकटवलेला छोटा गणपती दोन्ही हातांनी काढला, कपाळाला लावला आणि कपाटावर ठेवला. गणपतीच्या बुडाला लोहचुंबक होतं. आत मागच्या बाजूनं इलेक्ट्रॉनचे तीन झोत येतात, एक लाल ठिपक्यांवर पडायचा, एक हिरव्या, एक निळ्या; चुंबक जवळ आलं की झोत वाकतो आणि शेजाऱ्याच्या घरात शिरतो, असं त्यांनी मला समजावलं. मग एक बटण दाबलं. मॉनिटरमधून दण्णकन आवाज आला, चित्र थरथरलं आणि डाग गेला. मला हायसं वाटायच्या ऐवजी रागच आला, कारण हे सगळं त्यांनी 'एवढंही कळत नाही' अशा चेहऱ्यानं केलं.

पुढे चपटे मॉनिटर आले. तेव्हा त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या स्क्रीनवर बोटानं पाण्याचा थेंब ठेवला. मी ओरडले. त्यांनी लक्षच दिलं नाही. स्क्रीनवर हळदीच्या फोटोतला नवरीचा पिवळाधमक गाल होता. म्हणाले, थेंबातून बघ. पाण्याच्या थेंबानं भिंगाचं काम केलं होतं, आणि आत बारीक बारीक लाल आणि हिरव्या काड्या उभ्या दिसत होत्या. निळ्या जवळजवळ विझलेल्या. पिवळं काहीच नव्हतं, कितीही डोळे ताणले तरी. ते म्हणाले, पडद्यात पिवळा रंग नसतोच. लाल आणि हिरवा एकदम आत गेले की डोळा तो तयार करतो. मी त्या दिवशी आल्यागेल्या प्रत्येकाला थेंब लावून दाखवला.

धारला कैलाश भिया, म्हणजे भैया, म्हणून एकाचा स्टुडिओ आहे. जीव लावणारा माणूस, पण शंकेखोर नंबर एक. तो एकदा काकांशी वाद घालत बसला, की स्क्रीनमधून चित्र बाहेर येतं तर मागचा दिवा काढला की अंधार कसा होतो. काकांनी बोलणं सोडून दिलं. भंगारातला एक मॉनिटर मागवला, पुढचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सोलून काढला आणि मॉनिटर चालू केला. नुसता पांढरा उजेड. चित्र गायब. मग तोच पापुद्रा त्यांनी कैलाशच्या डोळ्यासमोर धरला, तर त्यातून त्याला देवीचा फोटो लख्ख दिसायला लागला. काकांनी सांगितलं, मागून उजेड सतत येत असतो, मधलं द्रव त्याला कमीजास्त पिळतं, आणि हा पापुद्रा ठरवतो की कोणता उजेड सोडायचा, कोणता अडवायचा. कैलाशनं काकांचे पाय धरले. त्या दिवसापासून धारमध्ये काकांचा शब्द म्हणजे शेवटचा.

आता मुद्द्यावर येते. काकांच्या त्या 'शेवटच्या शब्दा'नं आमची सगळ्यांची वाट लावली.

तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत माझे अल्बम पिवळे छापून यायला लागले. थोडे नाही. सगळं वऱ्हाड काविळीतून उठल्यासारखं. पिवळी अष्टपुत्री नेसलेल्या नवरीत आणि तिच्या मागच्या भिंतीत फरक कळेना. धारच्या एका मराठी घरातल्या आजींनी अल्बम उघडला आणि मला फोनवर शांतपणे विचारलं, की त्यावेळी मांडवात कोणाला बरं नव्हतं का गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लॅबवाल्याला झाडलं. तो शपथा घेऊन सांगत होता की माझ्याकडून जशी फाइल आली तशीच छापली. मी लॅब बदलली. तेच. परत बदलली. तेच. कैलाशला फोन केला तर त्याचंही रडगाणं हेच. आम्ही दोघांनी एकच फोटो आपापल्या स्क्रीनवर उघडून फोनवर तपासला, माझ्याकडे शालूचा काठ कसा दिसतोय, त्याच्याकडे कसा. अगदी एकसारखा. दोन गावं, दोन मशीनं, रंग एक. मग चूक इंदूरचीच, दुसरं काय, असं ठरवून आम्ही वर्षभर लॅबवाल्यांना शिव्या देत बसलो. दोन्ही मशीनं एकाच माणसानं लावली आहेत, हे आमच्या मठ्ठ डोक्यात आलं नाही.

मग मी नवा मॉनिटर घेतला. जुन्याशेजारी ठेवला तर नवा पिवळट दिसला. मी काकांना बोलावलं. आले, ट्यूब बंद, पडदा, फडका, पाच मिनिटं. म्हणाले, फॅक्टरीवाले आळशी, पिवळा मारतोय. आणि निळ्याचा आकडा वर वर नेला. दोन्ही स्क्रीन एकसारख्या झाल्या, काका चहा पिऊन गेले. मी पडदा सरकवला आणि दारातून आलेलं ऊन टेबलावरच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर पडलं. मी कागद बघितला, स्क्रीन बघितल्या. दोन्ही स्क्रीन नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारख्या दिसत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकांनी कागद मागितलाच नव्हता. या वेळीच नाही, गेले कित्येक महिने. पांढरा आता त्यांच्या डोक्यात पाठ होता, कागदाची गरज नव्हती. त्यांना सगळं पिवळं दिसत होतं, म्हणून ते आमच्या स्क्रीन निळ्या करत होते. आम्हाला त्या स्क्रीनवर फोटो निळे दिसत, म्हणून आम्ही फोटोंत पिवळा ओतत होतो. लॅब बिचारी आम्ही ओतलेलं छापत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना परत बोलावलं आणि कागद पुढे केला. ते म्हणाले, "मला कागद दाखवतेस तू?" मी म्हटलं, नियम तुमचाच आहे. नाइलाजानं त्यांनी कागद स्क्रीनशेजारी धरला. मग उलटा करून धरला. म्हणाले, कागद खराब आहे. मी दुसरा गठ्ठा फोडला. तोही खराब. मी शेजारच्या दवाखान्यातून कापसाचं बंडल आणलं. मग उजेड खराब. मग ढग. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि हा माणूस मला ढग सांगत होता.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "काका, कागद ठीक आहे, ऊन ठीक आहे, लॅब पण ठीक आहे. तुमच्या डोळ्यांत पिवळं उतरलंय. वर्षभर तुम्ही आमची मशीनं बिघडवताय." हे असं बोलायला नको होतं. पण वर्षभराची शिव्याशापांची सवय, तोंडातून निघून गेलं. काकांनी फडक्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि निघून गेले. चहा आला होता, त्याच्याकडे बघितलंही नाही.

पंधरा दिवस त्यांचा पत्ता नाही. शेवटी मी त्यांच्या घरी गेले, टेकडीच्या पायथ्याशी. काका बाहेर गेले होते. मालतीकाकू वाटाणे सोलत होत्या. मला वाटलं त्या माझ्यावर चिडलेल्या असतील, तर त्यांनीच माझ्यापुढे सगळं ओतलं. त्यांना वर्षापासून माहीत होतं. दूधवाल्याशी भांडण झालं, की दूध पिवळं का. घरातल्या ट्यूब तीनदा बदलल्या, की उजेड मळकट का. "मला म्हणतात तुझं धुणं कळकट निघतं," काकू म्हणाल्या, "अगं, पस्तीस वर्षं धुत्ये मी यांचे सदरे." डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की, माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय, असं म्हणून उठून जायचे. मी म्हटलं, मग काकू, मला एका शब्दानं सांगायचं तरी. त्या म्हणाल्या, तुला सांगून काय, तू तर त्यांचीच चेली. मला इतका राग आला की वाटाणे सोलायला बसले.

निघताना काकूंनी एक गोष्ट सांगितली. माझ्या दुकानातून परत आले त्या दिवशी काका जेवले नाहीत. आतल्या खोलीत मॉनिटर लावून, शेजारी कागद धरून दुपारभर बसले होते. संध्याकाळी बाहेर आले आणि डॉक्टरची तारीख घे, असं म्हणाले. 

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, चांगला पिकलेला. इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं की डोळ्यातली नैसर्गिक काच पिवळी-तपकिरी पडलीय, निळा उजेड आतच जाऊ देत नाही. आधी उजवा डोळा केला. पट्टी काढली तेव्हा मी तिथे होते. काकांनी खोलीभर बघितलं, मग काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "मालती, हे पातळ निळं आहे? मी इतके दिवस राखाडी समजत होतो." काकू हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मला वाटलं, सुटलो. आता दुसरा डोळा झाला की झालं.

कसलं काय. नवा डोळा घेऊन काका देवासमधल्या दुकानादुकानांत जाऊन आकडे परत जागेवर आणायला लागले, ते ठीक. पण प्रत्येकाला सांगत सुटले की मॉनिटरचं पॅनेल जुनं झालं की रंग सरकतो. मी एका दुकानात त्यांच्याबरोबर होते, हे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आल्यावर विचारलं, खोटं का बोललात. म्हणाले, खोटं कुठे, सरकतोच. मी म्हटलं, सगळ्या देवासचा एकाच वर्षी, एकाच बाजूला सरकतो? ते पुढे चालायला लागले.

आणि दुसरा डोळा करायला साफ नकार. काकूंनी हात जोडले, मुलानं नाशिकहून फोन केले, काही उपयोग नाही. शेवटी काकूंनी मला बोलावलं. मी तावातावानं गेले. काकांनी मला त्या धारच्या लग्नाचा पिवळा अल्बम मागितला. दुकानात परत आलेला पडून होता, मी जाऊन आणला. तो त्यांनी मांडीवर उघडला, तळहातानं नवा डोळा झाकला, जुन्या डोळ्यानं बघत राहिले. पान उलटलं, परत बघितलं.

"या डोळ्यानं हे बरोबर आहे गं," ते म्हणाले. "मी आळसानं नव्हतं केलं. हा डोळा काढला तर हे बरोबर होतं असं मला तरी कसं दिसणार?"

मी म्हटलं, "काका, चूक तुमची नाहीच. डोळ्याची आहे."

"डोळा म्हणजे कोण? लोक मला कशासाठी बोलवत होते?"

 माझा अजूनच संताप झाला. मी म्हटलं, ठेवा मग जपून, आणि अल्बम तिथेच टाकून आले.

राहिली होती धार. एकट्याला बसनं पाठवायला काकू तयार होईनात, म्हणून मी दुकान बंद ठेवून बरोबर गेले.  इंदूरला बस बदलताना त्यांनी मला शेंगदाणे दिले, मी घेतले नाहीत.

कैलाश भियानं आम्हाला बघून दुकानातलं गिऱ्हाईक उठवलं. पोहे मागवले, चहा मागवला. काकांनी पिशवीतून फडका काढला तसं मी त्याच्या मॉनिटरकडे बघितलं. खालच्या बटणांवर त्यानं पारदर्शक टेप लावून ठेवली होती, कोणाचा हात लागू नये म्हणून. आणि मागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, लाल शाईनं तीन आकडे लिहिले होते. लाल पन्नास, हिरवा एक्कावन्न, निळा बहात्तर. वर 'पागनीस साब' असं नाव.

काकांनी सांगितलं की पॅनेलचा रंग सरकलाय, आकडे बदलायचेत. कैलाश हसला. म्हणाला, साब, सरकने दो, आपकी बांधी हुई सेटिंग है, इसको अपन हाथ नहीं लगाएंगे. काकांनी दोनदा समजावलं. तो पोह्याची प्लेट पुढे करत राहिला. मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि खरं सांगते, मला मनातल्या मनात बरं वाटत होतं, की बोला आता, सांगा अजून पॅनेलच्या गोष्टी.

काकांनी फडका खाली ठेवला.

"कैलाश, पैनल अच्छा है," ते म्हणाले. "मेरी आँख में मोतीबिंद था. मेरे को पीला दिखता था, इसलिए मैंने तेरी मशीन नीली कर दी. सालभर तेरे अल्बम मेरे कारण बिगड़े."

 मी काकांना आजवर असं बोलताना ऐकलं नव्हतं. घरी नाही, काकूंपाशी नाही. हे बोलायला हा माणूस दोन बस करून इथपर्यंत आला आणि इथं येऊन बोलला.

कैलाशनं माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि मोठ्यानं हसला. म्हणाला, साब भी ना, हद करते हो, लॅबवाले की गलती अपने सिर पे ले रहे हो. मग मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, ऑपरेशन के बाद तबीयत तो ठीक है ना इनकी. मी त्याला दात-ओठ खाऊन सगळं परत सांगितलं, अगदी कागद, कापूस, लॅब, सगळं. तो मान हलवत ऐकत होता, जशी आपण ताप आलेल्या माणसाची बडबड ऐकतो तशी.

शेवटी काकांचा मान म्हणून त्यानं टेप काढू दिली. काकांनी ट्यूब बंद केली, पडदा ओढला, पाच मिनिटं बसले. या वेळी पिशवीतून कागद काढला आणि खिडकीपाशी धरून पांढरा जमवला. सुंदर जमवला. मी शेजारी उभी राहून बघितलं, स्क्रीन कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. कैलाश 'वा साब' म्हणाला, पाया पडला, आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

पायरीवर काकांना सँडलचा पट्टा लावायला वेळ लागला. ते वाकलेले होते, मी त्यांचा दंड धरून उभी होते. पट्टा लावून ते सरळ झाले आणि मागे वळले. दुकानाला काचेचं दार आहे, पडदा आता बाजूला होता. आत कैलाश भिंतीवरचे आकडे एकेक करून वाचत होता आणि मॉनिटरची बटणं दाबत होता. दातात टेपचा तुकडा धरलेला.

मी पायरी चढून दाराला हात घातला, आज त्याचं काय करू आणि काय नको असं झालं होतं. काकांनी माझं मनगट पकडलं.

"चल, बस चुकेल," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, तो परत तेच करतोय, त्याचे अल्बम परत पिवळे येणार, तुम्ही आत जाऊन परत सांगा. ते म्हणाले, एकदा सांगितलं ना. मी वाटभर बडबडत राहिले. स्टँडवर येईपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "मालतीला सांग, सोमवारची तारीख घे. माझ्यानं नाही सांगवणार. ती रडेल."

सोमवारी दुसरं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. त्यानंतर काकांनी कोणाच्या मॉनिटरला हात लावला नाही. बोलावणी येत होती, काकू फोनवर तब्येतीचं कारण सांगत. कैलाश अजून लॅब बदलत असतो.

पण मला काका दिसतात ते त्या परतीच्या बसमधले. त्यांनी खिडकीची जागा घेतली, बस सुटली तसा नव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुन्या डोळ्यानं बाहेर बघत बसले. दुतर्फा गहू कापणीला आला होता. गावाची शेवटची घरं गेली, पेट्रोलपंप गेला, तरी हात खाली आला नाही. मधेच एकदा माझ्याकडे वळले आणि त्याच डोळ्यानं मला बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. काहीतरी विचारावं असं मला वाटलं. पण मी तोंड फिरवलं, कारण मला अजून कैलाशचा राग होता, आणि पुढच्या वेळी मी लक्ष दिलं तोपर्यंत इंदूर आलं होतं.